सूर्याची रोजची बातमी: पैसे भरून घेतलेलं ॲप काढलं, फुकटचं रुक्ष बुलेटिन ठेवलं

आधी निकाल सांगून टाकतो, मग ज्याला पुढे वाचायचंय त्याने वाचा. सूर्यावर आज काय चाललंय आणि त्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं काय होणार हे रोज कळावं म्हणून मी दोन गोष्टी वापरत होतो. एक म्हणजे फोनवरचं एक झगमगीत ॲप, त्याचं नाव घेत नाही, आणि दुसरी म्हणजे अमेरिकेतल्या नोआच्या (तिथली सरकारी हवामान नि समुद्र संस्था) स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटरचं रोजचं बुलेटिन, जे दिसायला टाइपरायटरवर बडवल्यासारखं आहे. ॲपला ५ पैकी दीड आणि बुलेटिनला साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

मला हे लागतं कशाला, तर मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला, एचएफवर (शॉर्टवेव्हवर) बोलतो, आणि एचएफचं सगळं दुकान आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर चालतं. आयनोस्फिअर चालतं सूर्यावर. म्हणजे सूर्य रुसला की आमचं बोलणं बंद.

ॲप काढायची वेळ कशी आली ते सांगतो. एका दुपारी २० मीटरच्या बँडवर मस्त क्यूएसओ (रेडिओवरच्या गप्पा) चालला होता, समोरचा ५९, म्हणजे खणखणीत, येत होता, आणि अर्ध्या वाक्यात माणूस गायब. माणूसच काय, अख्खा बँड गायब, नुसती सुस्स. मला वाटलं आपलंच काहीतरी तुटलं. वर जाऊन अँटेनाला लावलेली कोॲक्स केबल बघितली, कनेक्टरवरची टेप सोडवून आत पाणी गेलंय का बघितलं, कोरडं होतं, परत गुंडाळली, खाली येऊन एसडब्ल्यूआर घेतला तर १.३, म्हणजे अँटेना ठणठणीत. मग रेडिओच्या मागचा प्लग हलवून झाला, सेटिंग्ज बघून झाल्या, दुसरा मायक्रोफोन लावून झाला (ऐकू येत नसताना मायक्रोफोन का बदलला हे मला विचारू नका). पाऊण तासाने आधी १० मीटरवर कुणीतरी बारीक आवाजात बोलायला लागलं, मग १५, मग २० (मीटर कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त). वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जाग्या झाल्या आणि खालच्या मागून, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका होता. फ्लेअरचे एक्स-रे येतात, दिवसाच्या बाजूला आयनोस्फिअरच्या सगळ्यात खालच्या डी थरात आयनीकरण एकदम वाढतं आणि तो थर एचएफ गिळून टाकतो, खालच्या फ्रिक्वेन्सी जास्त आणि वरच्या कमी. रात्रीच्या बाजूला त्याच वेळी लोक निवांत बोलत असतात.

आणि ॲप? ॲपने बँड परत आल्यावर टुंग केलं. वरातीमागून घोडं. पण उशिराचं एवढं नाही, खरा राग आला तो त्यात लिहिलं होतं त्याचा. लाल पट्टी, वर कवटीसारखं काहीतरी चित्र, आणि मजकूर असा की सौर वादळ ४८ तासांत पृथ्वीवर आदळणार. अरे बाबा, जे यायचं होतं ते येऊन, माझा पाऊण तास खाऊन, गेलंसुद्धा! आणि जे ४८ तासांनी येईल म्हणतोयस ते मुळात सूर्यावरून निघालंय का हे तरी बघितलंस का? नव्हतं निघालं. दोन दिवसांनी केपी (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलंय याचा ० ते ९ आकडा) २ होता.

ही एकच चूक सगळीकडे दिसते, बातम्यांतसुद्धा, आणि मला वाटतं असली सेवा चांगली की वाईट हे ठरवायला एवढी एकच कसोटी पुरते. सूर्यावरून तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिला प्रकाश, म्हणजे फ्लेअरचे एक्स-रे, तो ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतो, आणि बातमी नि दणका एकाच वेळी येतात, त्यामुळे ‘फ्लेअर येतोय’ असा अलर्ट कुणीच देऊ शकत नाही, ‘आला’ एवढंच सांगता येतं. दुसरे वेगवान प्रोटॉन, ते काही मिनिटांत किंवा काही तासांत. आणि तिसरा सीएमई, म्हणजे सूर्याच्या करोनातून (त्याच्या बाहेरच्या वातावरणातून) सुटलेला चुंबकीय क्षेत्रासकट प्लाझ्माचा अवाढव्य ढग, त्याला साधारण एक ते चार दिवस लागतात, अगदी सुसाट असेल तर १५ ते १८ तास. फ्लेअर झाला म्हणून सीएमई सुटलाच पाहिजे असं नाही, आणि सुटला म्हणून तो आपल्याच दिशेने यायला पाहिजे असंही नाही. नोआने १९९९ मध्ये यासाठी तीन वेगळ्या पट्ट्या केल्या, रेडिओ ब्लॅकआउटला आर, प्रोटॉनच्या मार्‍याला एस आणि भूचुंबकीय वादळाला जी, प्रत्येकी १ ते ५. ॲपने तिन्हींची एकच खिचडी करून तिला एक रंग दिला. संपलं.

आता बुलेटिन. रोज दोनदा निघतं, ००:३० आणि १२:३० यूटीसीला. आपल्या घड्याळात किती वाजतात ते एकदा काढून भिंतीवर चिकटवा, नाहीतर पहिले पंधरा दिवस तुम्ही कालचंच बुलेटिन आजचं म्हणून वाचाल, मी वाचलंय. उघडलं की रंग नाही, चित्र नाही, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे तीन भाग. ‘ए’ मध्ये एक तक्ता, वर तीन दिवस, डावीकडे तीन-तीन तासांच्या आठ ओळी, आणि चौकटीत आकडे, २.३३, ३.६७, ५.०० असे, आणि पाचच्या घरात गेलं की बाजूला जी-१, जी-२. हे पॉइंट तेहतीस, पॉइंट सदुसष्ट बघून मी आधी चक्रावलो होतो, इतकं बारीक कसं काय सांगतात बुवा! तसं नाहीये ते. केपी तिसर्‍या-तिसर्‍या हिश्श्याने मोजतात, ५ वजा, ५, ५ अधिक, ते दशांशात लिहिलं की ४.६७, ५.००, ५.३३. बस. केपी ५ म्हणजे जी-१ आणि ९ म्हणजे जी-५.

‘बी’ मध्ये प्रोटॉनच्या वादळाची शक्यता, टक्क्यांत. ‘सी’ मध्ये रेडिओ ब्लॅकआउटची, आर-१ ते आर-२ ची शक्यता एका ओळीत आणि आर-३ किंवा वरची दुसर्‍या ओळीत. फ्लेअरची ताकद अक्षर नि आकड्याने सांगतात, एम-१ फ्लेअर म्हणजे आर-१, एम-५ म्हणजे आर-२, एक्स-१ म्हणजे आर-३. अक्षर बदललं की ताकद दहापट, त्यामुळे ‘एम-९’ आणि ‘एक्स-१’ जवळजवळ शेजारी आहेत पण ‘एम-१’ आणि ‘एक्स-१’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक, हे ॲपवाल्यांना सांगा कुणीतरी.

आणि मला या बुलेटिनमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट कुठली, तर प्रत्येक भागाखाली असलेली एक ओळ. ‘रॅशनेल’ असं लिहून पुढे कारण दिलेलं असतं. आम्ही जी-१ म्हणतोय ते का, तर अमुक करोनल होलमधून (करोनातल्या विरळ, काळ्या दिसणार्‍या भागातून) येणारा वेगवान सौर वारा परवा पोचेल म्हणून. फ्लेअरची शक्यता ३५ टक्के का, तर सूर्यावरचा अमुक नंबरचा डाग अजून गुंतागुंतीचा आहे म्हणून. एकच ओळ, पण ती वाचली की आपण आपलं डोकं लावू शकतो, करोनल होलचा वारा असेल तर गडबड दोन-तीन दिवस रेंगाळणार, सीएमई असेल तर वेळ पुढेमागे होऊ शकते, हे आपसूक कळायला लागतं. माझ्या पैसे घेणार्‍या ॲपने तेवढ्या दिवसांत एकदाही ‘का’ सांगितलं नाही.

ज्याला अजून खोलात जायचंय त्याच्यासाठी त्याच वेळेला फोरकास्ट डिस्कशन निघतं. त्यात डागांच्या गटांची खबरबात असते, कुठला वाढला, कुठला विरला, कुणाचा चुंबकीय प्रकार काय. बीटा असेल तर साधा. बीटा-गॅमा-डेल्टा वाचलं की मी सावध होतो, डेल्टा म्हणजे विरुद्ध ध्रुवांचे गर्द भाग एकाच फिकट कड्याच्या आत दाटीवाटीने बसलेत, भांडण होणारच. भाषा तुटक आहे, संक्षेप भरपूर, पहिल्यांदा वाचताना तार वाचल्यासारखं वाटतं. आठवडाभरात सवय होते.

खरी परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. ३६६४ नंबरचा तो डागांचा गट आठवतो का, पृथ्वीच्या पंधरापट रुंद वगैरे म्हणत होते, ग्रहणाचा चष्मा लावला तर नुसत्या डोळ्यांना दिसायचा. त्यातून एकामागोमाग एक सीएमई सुटत होते, आणि मागचे जोरात असल्यामुळे पुढच्यांना गाठत होते. ९ मेला बुलेटिनमध्ये जी-४ वॉच (वादळ येऊ शकतं अशी आगाऊ सूचना) आलं. जानेवारी २००५ नंतर पहिल्यांदा. मी ती ओळ दोनदा वाचली. पुढे कारण दिलेलं, इतके सीएमई, पृथ्वीच्या दिशेने, अमुक वेळेच्या आसपास. १० मेला साधारण १७ यूटीसीला पहिला धक्का लागला आणि मी रात्रभर एल-१ वरच्या यानांचा आलेख उघडून बसलो. एल-१ म्हणजे पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किलोमीटरवरची जागा, तिथे तेव्हा डिस्कव्हर आणि एसीई ही यानं सौर वारा चाखत बसलेली होती (२०२४ च्या जानेवारीपासून आदित्य-एल१ पण तिथेच आहे). त्या आलेखात एक लाल रेघ असते बीझेडची, म्हणजे येणार्‍या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग. ती शून्याच्या वर असेल तर पृथ्वीचं दार बंद, खाली गेली तर दार उघडं. त्या रात्री ती खाली गेली आणि वर यायचं नावच घेईना, एरवी वजा १० ला आम्ही उड्या मारतो, तेव्हा वजा ५० च्या आसपास आकडे दिसत होते. जी-४ म्हटलेलं ते जी-५ झालं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. ध्रुवीय प्रकाश इतक्या खालच्या अक्षांशांना दिसला की लडाखमध्ये हानलेच्या कॅमेर्‍यांनी लाल आभा टिपली. अमेरिकेत नेमका पेरणीचा हंगाम होता आणि जीपीएसवर सेंटिमीटरमध्ये ओळ धरणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले, कित्येकांनी पेरणी थांबवली.

आणि ॲपचं काय, तर त्या रात्री ते लाल होतं. पण ते आदल्या महिन्यातही नऊ वेळा लाल होतं! लांडगा आला रे आला. खरा लांडगा आला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ॲपमध्ये मराठीचा पर्याय होता, मोठ्या हौसेने लावला. क्वाएट, अनसेटल्ड, ॲक्टिव्ह हे केपीचे नेहमीचे शब्द आहेत, तर त्यांनी अनसेटल्डचं केलं ‘अस्वस्थ’. रोज सकाळी फोन म्हणायचा, आज पृथ्वी अस्वस्थ आहे. घरात सगळे विचारायचे, कशी आहे आता, बरं वाटतंय का तिला. हे एक वेळ गमतीत खपून गेलं असतं, पण खाली डोकेदुखी मीटर होतं. म्हणजे केपी ४ झाला की तुमचं डोकं किती दुखेल याचा काटा. केपी ४ ला तर वादळसुद्धा म्हणत नाहीत हो. आणि त्यापुढे २७ दिवसांचा तासातासाचा वळणदार आलेख. आता नोआही २७ दिवसांचा अंदाज देतं, दर सोमवारी, पण त्यात दिवसाला एक ढोबळ आकडा असतो, आणि तो पण कशाच्या जोरावर, तर पृथ्वीवरून बघताना सूर्य साधारण २७ दिवसांत एक फेरी मारतो, म्हणून मागच्या फेरीत जे करोनल होल समोर आलं होतं ते परत समोर येईल, एवढ्याच. तीन आठवड्यांनी दुपारी दोनला केपी किती हे कुणाला सांगता येत नाही. आडातच नाही तर पोहर्‍यात कुठून येणार.

बरं, आता कापलेल्या अर्ध्या मार्काचं. सीएमई सूर्यावरून सुटताना दिसतो, त्याचा वेग काढतात, एनलिल नावाच्या मॉडेलमध्ये घालतात (एनलिल हा सुमेरियन लोकांचा वार्‍याचा देव, नाव मस्त ठेवलंय), स्क्रीनवर भिंगरीसारखी रंगीत वेटोळी फिरतात आणि ढग पृथ्वीच्या हिरव्या ठिपक्यापर्यंत कधी पोचेल ते दिसतं. पण वेळेत सरासरी दहाएक तासांची चूक धरूनच चालायचं. आणि मुख्य प्रश्न, बीझेड वर असेल की खाली, त्याचं उत्तर ढग एल-१ ला पोचेपर्यंत मिळत नाही, तिथून पृथ्वी १५ ते ६० मिनिटांवर. म्हणजे तीन दिवस आधी वॉच लागतं, आपण तयारी करतो, जागरण करतो, आणि ढग येतो तो उत्तरेकडे तोंड करून, काहीच होत नाही. हे माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की घरात ‘तुझं वादळ’ हा वाक्प्रचार झालाय. दोष बुलेटिनचा नाही, विज्ञानच अजून तिथवर आलेलं नाही, पण रिव्ह्यू आहे म्हणून अर्धा कापला.

उलट बाजूनेही फसतं. जी-१ ला तक्त्यात मायनर म्हणतात, आणि सूर्याच्या डागांच्या एका ११ वर्षांच्या चक्रात असे साधारण ९०० दिवस येतात, म्हणजे कौतुक नाहीच. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सने ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले, ते अजून खालच्याच कक्षेत होते, आणि तेवढ्यात असलंच एक किरकोळ वादळ आलं, वरचं वातावरण गरम होऊन फुगलं, घर्षण वाढलं, आणि ४० च्या आसपास उपग्रह परत खाली येऊन जळाले. दुसर्‍या टोकाला जी-५ च्या पुढे पट्टीच नाही. मार्च १९८९ मध्ये क्विबेकचं वीजजाळं कोसळून ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते, आणि सप्टेंबर १८५९ चं कॅरिंग्टन वादळ याहून मोठं धरतात, त्याची एक महत्त्वाची चुंबकीय नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली, काटा साधारण १६०० नॅनोटेस्ला खाली गेला होता. मे २०२४ चं त्या मानाने ४०० च्या घरात.

बाकी ज्याला अजून आकडे हवेत त्याच्यासाठी पटकन. सोलर फ्लक्स, म्हणजे सूर्यावरून येणार्‍या रेडिओ लहरींचा जोर, कॅनडात पेंटिक्टनला मोजतात, १०.७ सेंटिमीटरवर, हॅम लोकांनी हाच बघावा, ७० असेल तर १० मीटर विसरा, १५० च्या वर गेला की मजा, ऑगस्ट २०२४ मध्ये तर ३०० च्या वर होता. फक्त मोजायच्या वेळीच फ्लेअर चालू असेल तर आकडा उगाच फुगतो, एकाच दिवसाच्या उडीवर भाळू नका. डागांचा अधिकृत आकडा ब्रसेल्सला निघतो आणि नोआचा आकडा त्यापेक्षा बहुतेक जास्त असतो, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. पक्का केपी पॉट्सडॅमवाले १३ वेधशाळांवरून काढतात, बुलेटिनमधला केपी तात्पुरता असतो.

आणि हो, अंदाज चुकण्याबद्दल एक. या चालू २५ व्या चक्राचा अंदाज २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने दिला होता, जुलै २०२५ मध्ये डागांच्या आकड्याचं ११५ चं शिखर, म्हणजे अगदी मिळमिळीत चक्र. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्येच १६० च्या घरात गेलं. आम्ही हॅम लोकांनी इतक्या आनंदाने कुठलाच चुकलेला अंदाज साजरा केला नसेल.

माझा एक मित्र आहे, जमिनीची मोजणी करतो, आरटीके जीपीएसवर (सेंटिमीटरपर्यंत अचूक असतं ते). तेच ॲप त्याच्याकडे अजून आहे. परवा सकाळी त्याने स्क्रीनशॉट पाठवला, लालभडक, ‘महावादळ, उपकरणे जपून वापरा’, आणि खाली, अरे आज साइटवर जाऊ का नको? मी बुलेटिन उघडलं, केपी जास्तीत जास्त ३.६७, प्रोटॉन १ टक्का, आर-१ ची शक्यता ३५. त्याला कळवलं, जा बिनधास्त. तर म्हणतो, मग हे इतकं लाल का दाखवतंय? मी म्हटलं तो सूर्याचा ३०४ अँगस्ट्रॉमचा फोटो आहे, त्याला लालच रंग देतात.

गेला, मोजणी करून आला. ॲप काढ म्हटलं तर म्हणतो असू दे रे, फोटो भारी असतात. ते फोटो नासाच्या एसडीओ या सूर्य बघणाऱ्या यानाचे आहेत आणि फुकट मिळतात हे त्याला अजून सांगितलेलं नाही, आत्ताच त्याने वर्षाचे पैसे भरलेत.